आधी कोण हललं

गाडी झटके मारते ही तक्रार मी पहिल्यांदा वर्कशॉपमध्ये नाही, घरी ऐकली. अप्पा जेवायला बसले होते. ताटाकडे बघतच ते म्हणाले, "त्या गाडीचे गिअर नीट पडंना झालेत."

अप्पा म्हणजे माझे वडील. गंगापूर रोडला राहणाऱ्या एका द्राक्ष निर्यातदाराकडे ते ड्रायव्हर होते. त्याआधी बरीच वर्षं त्यांनी लासलगावहून कांद्याचे ट्रक नेले, पार कलकत्त्यापर्यंत. साहेबांनी मागच्या वर्षी ऑटोमॅटिक गाडी घेतली. तिला क्लचचं पेडल नसतं आणि गिअरही हाताने टाकायचा नसतो, गाडी आपली आपण बदलते. सुरुवातीला अप्पांचा डावा पाय सवयीने क्लच शोधायचा. "त्या पायाला पेन्शन देऊन टाकली," असं ते सगळ्यांना सांगायचे.

आता ती गाडी साध्या रस्त्यावर, बेताच्या वेगात असताना मधेच गुरगुरायची, खालचा गिअर घ्यायची, धक्का द्यायची आणि लगेच पुन्हा वरच्या गिअरला जायची. मागे बसलेल्याच्या हातातला चहा सांडावा असा धक्का. खरं तर साहेबांच्या आईच्या हातातली औषधाची बाटली एकदा पडली होती. त्यानंतर साहेब अप्पांना म्हणाले होते, "अप्पा, मी चालवतो तेव्हा काही होत नाही. मुलगा चालवतो तेव्हाही नाही. तुमच्या हाताला ही गाडी लागत नाही बहुतेक. एखादा ऑटोमॅटिकवाला पोरगा बघावा का?"

ते रागाने म्हणाले नव्हते. अप्पांनी ते आम्हाला तसंच शांतपणे सांगितलं आणि भाकरी मोडली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "गाडीतच खोट हाय. मी साहेबांना बोललो, माझी पोरगी जिथं शिकाया जाती तिथं दाखवू. तू बघ बाई जरा."

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे मिक्सरपासून मोबाइलपर्यंत काहीही बिघडलं की सगळे माझ्याकडे बघतात. मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष संपवून मी अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये इंटर्नशिप करत होते. मला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुस्तकातल्या आकृतीएवढाच माहीत होता. पण अप्पांना मी "बघते" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते ते आजही मला सुचत नाही.

आमचे सुपरवायझर, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, त्यांनी गाडी आल्यावर आधी गिअरबॉक्सचं तेल काढून बघितलं. गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचच्या चकत्या जळायला लागल्या की ते तेल काळपट होतं आणि त्याला करपल्यासारखा वास येतो. सरांनी वास घेतला आणि तेलात बुडवलेली काडी माझ्याकडे दिली. मीही घेतला. मग परत घेतला. तेल लालसर, स्वच्छ होतं. सर म्हणाले, "कितीदा वास घेशील? ठीक आहे ते."

मला ते ठीक असायला नको होतं. ते लिहायला विचित्र वाटतं. शिकणाऱ्या माणसाने जे आहे ते बघावं, हे मला कळत होतं. पण गिअरबॉक्स खराब निघावा, चांगला मोठा दोष निघावा, असं मला मनापासून वाटत होतं. गाडी चुकली तर अप्पा बरोबर ठरणार होते.

मग रस्त्यावरची चाचणी. तिच्यासाठी सरांचा ठरलेला रस्ता होता. अंबडमधून गरवारे पॉइंटला हायवेला लागायचं, विल्होळीच्या पुढे वाडिवऱ्ह्याच्या अलीकडे वळायचं आणि परत यायचं. गाणी बंद, एसी बंद, गप्पा बंद. चालवणाऱ्याने एकच शब्द बोलायचा. धक्का जाणवला की म्हणायचं, "आता." शेजारच्या सीटवर मी लॅपटॉप घेऊन. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमधून गाडीची माहिती लॅपटॉपवर येत राहायची, आणि "आता" ऐकलं की मी एक बटण दाबून त्या जागी खूण करायची.

पडद्यावर बऱ्याच रेघा असायच्या. सरांनी त्यातल्या दोनच ठेवायला सांगितल्या. हिरवी रेघ म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय ते. निळी म्हणजे गाडी कुठल्या गिअरमध्ये आहे ते.

"पाय स्थिर आहे आणि गिअर बदलला, तर दोष गाडीत," सर म्हणाले. "पाय आधी हलला आणि मग गिअर बदलला, तर गाडी फक्त सांगितलेलं ऐकते आहे. आधी कोण हललं ते बघ. एवढंच बघायचं."

सरांनी गाडी आधी गरम होऊ दिली, कारण गिअरबॉक्स थंड असताना एक वागतो आणि तापल्यावर दुसरं. मग हलक्या पायाने वेग वाढवला, मग जरा जोरात, मग पाय पूर्ण उचलून गाडी आपोआप मंदावू दिली. चढावरही नेली. हिरवी रेघ पाण्यासारखी सपाट चालली होती आणि निळी जिन्याच्या पायऱ्यांसारखी एकेक वर. सर सगळ्या रस्त्यात एकदाही "आता" म्हणाले नाहीत. मी वाट बघत होते. वाडिवऱ्ह्याकडून परतताना तर मी मनातल्या मनात गाडीला विनवत होते.

वर्कशॉपमध्ये आल्यावर ते म्हणाले, "काकांना उद्या बोलाव. गाडी ज्याच्या हातात त्रास देते त्याच्याच हातात बघायची."

दुसऱ्या दिवशी अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले. कामाला जाताना ते इस्त्री करत नसत. वर्कशॉपमधली पोरं मला "मॅडम" म्हणतात हे ऐकून ते जरा चमकले आणि मग हळूच हसले. सरांना त्यांनी नमस्कार केला. "मेस्तरी, माझ्या पोरीला नीट शिकवा. घरी आम्हाला लय शिकवती."

"तीच आम्हाला शिकवते, काका," सर म्हणाले आणि मागच्या सीटवर बसले.

अप्पांनी चप्पल काढून सीटखाली सरकवली. ट्रक चालवत होते तेव्हापासून ते गाडी अनवाणीच चालवत आले. ज्या गाडीला दसऱ्याला हार घालायचा तिच्यात चप्पल घालून बसायचं नाही, हे एक कारण. दुसरं कारण ते सांगायचे ते असं की पायाला गाडी कळली पाहिजे, मधे रबर कशाला. सरांनी ते बघितलं.

निघालो. अप्पा चांगले ड्रायव्हर होते. हे मी मुलगी म्हणून सांगत नाही, त्या दिवशी शेजारी बसून नीट बघितलं म्हणून सांगते. आरसे बघायची त्यांची पद्धत, रिक्षा कुठे वळणार हे आधी ओळखणं, समोरच्या टेम्पोला शिवी न देता जागा देणं, सगळं अंगात मुरलेलं होतं. हायवेला लागलो आणि वेग एका ठिकाणी स्थिरावला. रस्ता मोकळा होता. आणि इंजिनचा आवाज एकदम चढला, गाडी मागे ओढल्यासारखी झाली, मग पुढे ढकलली गेली.

"आता," अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान होतं. बघा, मी सांगत होतो ना, असं.

मी बटण दाबलं. नजर रेघांवरच होती. हिरवी रेघ सपाट नव्हती. ती खाली घसरली होती आणि मग एकदम वर उसळली होती. निळी तिच्या पाठोपाठ खाली आली होती.

मला वाटलं, एखादा खड्डा असेल. एक वेळ कुणाचाही पाय हलतो. पण विल्होळीपर्यंत अप्पा पुन्हा पुन्हा "आता" म्हणाले आणि प्रत्येक वेळी तसंच झालं. हिरवी हळूहळू खाली यायची, जणू पाय विसरलाय की आपण काही दाबलंय. मग वेग पडल्याचं अप्पांच्या कानाला कळायचं आणि पाय जोरात खाली जायचा. गाडीला वाटायचं, यांना घाई आहे. ती खालचा गिअर घ्यायची. मी अप्पांच्या पायाकडे बघितलं. तो तिथेच होता, पेडलवर. अप्पांचा चेहरा शांत होता. त्यांना खरोखरच वाटत होतं की पाय जागचा हललेला नाही.

मी मागे वळून बघितलं नाही. सरांनाही मागून पडदा दिसत होता.

विल्होळी सोडल्यावर रस्त्याकडेला एक रसवंती होती. सर म्हणाले, "काका, जरा घ्या बाजूला. रेकॉर्डिंग सेव्ह करू." अप्पांनी गाडी घेतली आणि उतरून थेट रसवाल्याकडे निघाले. "तीन दे रे, बिनबर्फाचे. मला अर्धाच."

"साखर आहे का काकांना?" सरांनी मला हळूच विचारलं.

"आहे. बऱ्याच वर्षांपासून. गोळ्या घेतात, आठवण राहिली की."

सर अप्पांकडे बघत होते. मी पण बघितलं. मे महिना होता, ऊन डोक्यावर आलेलं. अप्पा चप्पल गाडीतच ठेवून, अनवाणी, डांबरावर उभे होते. रसवाल्याला ते सांगत होते की इथे पूर्वी एक चहाची टपरी होती, ट्रकवाले तिथे तोंड धुवायला थांबायचे. ते एका जागीच उभे होते. पाय बदलत नव्हते, सावलीकडे सरकत नव्हते. मी वाकून डांबराला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

"माझ्या आईचं असंच झालं होतं," सर म्हणाले. "साखरेने पायाची जाणीव जाते. तिच्या पायात खिळा गेला होता, तिला संध्याकाळी रक्त बघून कळलं."

"अप्पा नेहमीच अनवाणी असतात," मी म्हणाले. "तळवे निबर आहेत त्यांचे."

 मी स्वतःच अप्पांना हाक मारली आणि चप्पल नेऊन दिली. ते म्हणाले, "कशाला, जायचंच हाय की." तरी घातली. एका पायाची नीट गेली नव्हती, टाच बाहेर होती. ते तसेच दोन पावलं चालले.

परत येताना सरांनी गाडी चालवायला घेतली. कारण सांगितलं की उलट दिशेने एकदा त्यांना स्वतःला बघायचंय. अप्पा मागे बसले आणि सगळ्या रस्त्यात बोलत राहिले. दोष सापडला याचा त्यांना आनंद झाला होता. "साहेबांना आता कळंल. एवढ्यांदा झालं, मशीनमध्ये उतरलंच असंल." मी लॅपटॉप बंद करून मांडीवर धरून बसले होते.

वर्कशॉपमध्ये सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "रिपोर्ट मी लिहीन. गिअरबॉक्स चांगला आहे, एवढंच त्यात येईल. पायाचं मी लिहिणार नाही, तो माझा विषय नाही. पण ही गाडी त्यांना चालवत नेऊ देता येणार नाही मला. ते तू सांग. की मी सांगू?"

मी म्हणाले, मी सांगते.

मागच्या बाजूला जुन्या टायरांची चळत होती, तिच्या सावलीत एक बाकडं. अप्पा तिथे बसून कपाळ पुसत होते. मी लॅपटॉप उघडून त्यांच्या पुढ्यात धरला. कसं सुरू करावं ते कळत नव्हतं, म्हणून सर मला जसं बोलले होते तसंच बोलले. ही हिरवी म्हणजे पाय. ही निळी म्हणजे गिअर. आधी कोण हललं ते बघायचं.

अप्पा शिकलेले नाहीत फार, पण रेघ वाचायला शाळा लागत नाही. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे मशीन बरोबर दाखवतं का?"

"सरांचंही यानेच दाखवलं. त्यांची सपाट आहे."

"मी पाय हलवला नाय."

"हो."

"मग?"

मी खाली बसले आणि त्यांची चप्पल काढली. डाव्या हाताने त्यांचा उजवा पाय धरला. मोठेपणी मी त्यांच्या पायाला फक्त वाकून हात लावला होता, असा हातात कधी घेतला नव्हता. म्हणाले, "अप्पा, डोळे मिटा. मी कुठल्या बोटाला पेन लावते ते सांगा."

"काय पोरखेळ."

"मिटा ना."

त्यांनी मिटले. मी पेनाचं टोपण अंगठ्याला लावलं. ते काही म्हणाले नाहीत. करंगळीला लावलं. मग तळव्याला, जरा दाबून. ते वाट बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या माणसाचा भाव होता, प्रश्न यायचा आहे असं समजणारा.

"लाव की," ते म्हणाले.

मी पेन तसंच दाबून धरलं होतं.  त्यांनी डोळे उघडले आणि खाली बघितलं. पेन तळव्याला होतं. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःच स्वतःच्या पायावर टोचून बघितलं, एकदा इथे, एकदा तिथे, घोट्याच्या वर येईपर्यंत. घोट्याच्या बऱ्याच वर आल्यावर ते थांबले. "इथून कळतंय," ते म्हणाले.

पलीकडे कुणीतरी चाकाचे नट काढत होतं, त्या हवेच्या गनचा आवाज मधून मधून येत होता. 

"म्हणजे ब्रेकवर पाय हाय का नाय, हे मला..."  मग म्हणाले, "म्हातारी मागं बसायची."

साहेबांच्या आईबद्दल बोलत होते. औषधाची बाटली पडली ती म्हातारी. दवाखान्यात न्यायला, देवळात न्यायला, सगळीकडे अप्पाच नेत असत.

मी म्हणाले, "डॉक्टरांकडे जाऊ. उपचार असतात." किती असतात ते मला माहीत नव्हतं. त्यांनी मान हलवली, पण ऐकलं असेल असं वाटलं नाही.

सरांनी सुचवलं की साहेबांना ते स्वतः फोन करून समजावतील, सावकाश सांगता येईल. अप्पा नको म्हणाले. गाडी नेऊन द्यायची आणि समोर उभं राहून सांगायचं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून सरांनी गाडी चालवली, अप्पा त्यांच्या शेजारी डावीकडे, मी मागे. कॅनडा कॉर्नरच्या सिग्नलला थांबलो तेव्हा अप्पांचा उजवा पाय समोरच्या मॅटवर दाबला गेलेला मी बघितला. तिथे ब्रेक नव्हता.

साहेब पोर्चमध्येच होते. त्यांनी आधी सरांना विचारलं, "काय निघालं?" पण उत्तर अप्पांनी दिलं.

"गाडी बरोबर हाय, साहेब. माझा पाय बरोबर नाय. साखरेनं पायाची जाणीव गेलीय. आज कळलं. मी उद्यापासून चालवणार नाय."

 साहेबांनी खुर्ची ओढली आणि ते म्हणाले, "बसा, अप्पा." अप्पा बसले नाहीत. साहेब म्हणाले, "मी तुम्हाला हाताचं बोललो होतो. तसं बोलायला नको होतं."

"तुम्ही बरोबरच बोलला. जागा चुकली जरा."

साहेब हसले नाहीत आणि अप्पाही. पण मला वाटतं, त्या वाक्याने दोघांना उभं राहायला जरा सोपं झालं. साहेबांनी द्राक्षांच्या पॅक हाउसमध्ये काहीतरी काम बघू असं म्हटलं.  अप्पांनी त्यावर एवढंच सांगितलं की नवा ड्रायव्हर ते स्वतः आणून देतील, कुणीही यायला नको. "म्हातारीला सवय व्हायला पाहिजे त्याची."

पुढचे काही दिवस ते खरंच त्या नव्या पोराच्या शेजारी बसून फिरले. घोटीकडचा पोरगा होता, आधी टॅक्सी चालवायचा. म्हातारीला कुठल्या दारातून उतरवायचं, देवळापाशी गाडी कुठे सावलीत लागते, दवाखान्याच्या रॅम्पवर किती हळू घ्यायचं, हे सगळं त्यांनी त्याला दाखवलं. घरी येऊन आम्हाला सांगायचे, "ब्रेक उशिरा लावतो. पण शिकंल." त्याच आठवड्यात आम्ही डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली जाणीव परत येईल अशी आशा फार धरू नका, पण साखर सांभाळली तर आहे ती राहील. अनवाणी चालायचं नाही. रोज दोन्ही तळवे नीट बघायचे, जखम असेल तर पायाला कळणार नाही, डोळ्यांनाच कळेल.

शेवटच्या दिवशी तो पोरगा अप्पांना घरापर्यंत सोडायला आला. मी दारातच होते. अप्पा उतरले, गाडीभोवती एक चक्कर मारून चारही टायर बघितले आणि बॉनेटवर थाप मारून त्याला जा म्हणाले. गाडी गल्लीतून निघाली. अप्पा मान जरा तिरकी करून ऐकत उभे राहिले. पहिला, दुसरा, आणि कोपऱ्यावर वळून मोठ्या रस्त्याला लागल्यावर तिसरा. कुठेही धक्का नव्हता.

"नीट पडतात," ते म्हणाले.

मग त्यांनी दारापाशीच्या बाकावर बसून नवे बूट सोडले, मोजे काढले आणि उजवा पाय उचलून डाव्या गुडघ्यावर घेतला. तळवा पूर्ण दिसत नव्हता. मी आतून आईचा आरसा आणला आणि त्यांच्यासमोर धरला. ते वाकून बघू लागले, बोटांच्या मधल्या जागा, टाच, कडा. मी विचारलं, "दिसतंय का नीट?"

"जरा उजेडाकडं धर," ते म्हणाले.